गाडीचं किती आणि हाताचं किती?

परभणीकडची एक विद्यार्थिनी सध्या संभाजीनगरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने विचारलंय: "सर, २०२५चा फॉर्म्युला वनचा हंगाम मी पहिल्यांदाच पहिल्या शर्यतीपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत पाहिला. होस्टेलवर आमचं रोज भांडण होतं. काही जणी म्हणतात, नॉरिस जिंकला कारण मॅकलॅरेनची गाडी भारी होती, तीत कोणीही बसलं असतं तरी जिंकलं असतं. मी म्हणते, मग त्याच संघातला पियास्त्री का नाही जिंकला? गाडीचे टक्के किती आणि ड्रायव्हरचे किती, तुम्हीच सांगा. शिवाय २०२६ला संघ, इंजिनं, नियम सगळंच बदलतंय. आम्ही कोणाकडे बघायचं?"

टक्के मी सांगणार नाही. वाळूजच्या एमआयडीसीत शॉक ॲब्सॉर्बरच्या टेस्टिंगमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. आता काही वर्षांपासून विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्या शर्यतीआधी तपासायचं काम करतो. एवढ्या काळात ज्याने ज्याने मला 'सत्तर टक्के गाडी, तीस टक्के माणूस' असं काही छातीठोक सांगितलं, त्याने ते कधी मोजलेलं नव्हतं. मोजायची एकच रीत मला पटलेली आहे, आणि ती शेतातली आहे. तू परभणीची, तुला लगेच कळेल.

एकाला सोयाबीनचा एकरी बारा क्विंटल उतारा आला आणि चार गावं पलीकडच्याला सात. म्हणून बारावाला हुशार आणि सातवाला अडाणी ठरतो का? नाही. याची जमीन काळी, कसदार, विहिरीला पाणी. त्याचं रान मुरमाड. या दोघांची तुलना करून माणसाबद्दल काहीच कळत नाही. आता दोन सख्खे भाऊ घे. वाटणी झालेली, मधे एक बांध. रान एकच, विहीर एकच, बियाण्याची बॅग एकाच दुकानातली, पेरणीही एकाच वापशावर. तरी एकाचा उतारा दरवर्षी दीड क्विंटल जास्त येतो. तो दीड क्विंटल हाताचा. खालचं सगळं रानाचं.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाला दोन गाड्या उतरवाव्या लागतात, ही या खेळाची मोठी सोय आहे. दोन्ही गाड्यांचं डिझाइन एक, इंजिन एक, टायर तर सगळ्यांनाच पिरेलीचे. ड्रायव्हरची खरी परीक्षा त्याच गॅरेजात पलीकडे उभ्या असलेल्या गाडीशी असते. म्हणून २०२५चा हंगाम वीस जणांची यादी म्हणून वाचू नकोस, दहा बांध म्हणून वाच.

सगळ्यात चुरशीचा बांध मॅकलॅरेनचा. संघाचे ८३३ गुण, त्यांतले लँडो नॉरिसचे ४२३ आणि ऑस्कर पियास्त्रीचे ४१०. चोवीस शर्यतींत दोघांनी प्रत्येकी ७ जिंकल्या. तुझ्या मैत्रिणींचं 'कोणीही बसलं असतं तरी' हे म्हणणं इथंच पडतं, कारण त्या गाडीत 'कोणीही' बसलेलं नव्हतं. दोन अतिशय तयारीचे ड्रायव्हर बसले होते आणि वर्षभर एकमेकांच्या पुढेमागे होत राहिले. नेदरलँड्समधल्या झांडवूर्टच्या शर्यतीनंतर पियास्त्रीचे ३०९ गुण होते आणि नॉरिसचे २७५. त्याच शर्यतीत नॉरिस दुसरा चालला होता आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना तेलगळतीने गाडी बंद पडली. तेव्हा मी स्वतःच घरात जाहीर करून टाकलं होतं की झालं, ऑस्करचं वर्ष. बायकोने ते लक्षात ठेवलंय.

मग असं काय झालं? अझरबैजानच्या बाकूत पियास्त्रीने क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार ते टप्प्याटप्प्याने ठरवणाऱ्या आदल्या दिवशीच्या चाचणीत, गाडी भिंतीवर घातली आणि शर्यतीत पहिल्याच फेरीत पुन्हा. एवढं सगळ्यांनी पाहिलं. सस्पेन्शनवाल्या माणसाला खरी गंमत दिसली ती ऑस्टिन आणि मेक्सिकोत. पकड कमी, पृष्ठभाग गरम, गाडी सतत थोडी थोडी सरकतेय, अशा ट्रॅकवर नॉरिसचा हात बसला आणि पियास्त्रीचा बसेना. पियास्त्रीला टायर घट्ट धरून चालतात तिथे मजा येते. नॉरिसला सरकणारी गाडी पेलवते, पण पुढचं चाक काय करतंय ते स्टिअरिंगमधून हाताला कळावं लागतं, आणि हंगामाच्या सुरुवातीला तेच कळत नाही अशी त्याची तक्रार होती. मॅकलॅरेनने कॅनडाच्या सुमारास पुढच्या सस्पेन्शनच्या भूमितीत बदल केला. नॉरिसने तो घेतला, पियास्त्रीने जुनंच ठेवलं. म्हणजे 'गाडी एकच' हेही पूर्ण खरं नाही. भावांच्या वाटणीतही एखादा ठिबक टाकतो आणि दुसरा पाटपाण्यावरच राहतो, तसं.

हे मला का भावतं ते सांगतो. आमच्याकडे टेस्टिंगला दोन रायडर होते. मोटारसायकल तीच, शॉक तोच, ट्रॅक तोच. दोघांच्या वेळा जवळपास सारख्या यायच्या. पहिल्याला विचारलं की म्हणायचा, "सर, चांगली आहे." दुसरा हेल्मेट काढायच्या आधीच सांगायचा, "डाव्या वळणात ब्रेक सोडता सोडता पुढून हलकी पडायलीय, मागून दाबून बसायलीय." त्या एका वाक्यावर आमचा पुढचा आठवडा ठरायचा. स्टॉपवॉचने दोघांना सारखे मार्क दिले असते. पण दुसरा नसता, तर शॉक कधी सुधारलाच नसता. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रविवारी दोन तास गाडी चालवतो हे टीव्हीवर दिसतं. शुक्रवारी रात्री इंजिनिअरसमोर बसून काय बोलतो, ते दिसत नाही.

आता रेड बुल. या बांधाकडे नीट बघ, कारण गाडी आणि हात यांची गाठ किती गुंतलेली असते ते इथे कळतं. मॅक्स व्हर्स्टापनचे ४२१ गुण. त्याच्या शेजारी आधी लियाम लॉसन आला. दोन शर्यती चालवल्या, एकही गुण नाही, चीनमध्ये स्प्रिंटच्या, म्हणजे शनिवारच्या छोट्या शर्यतीच्या, आणि मुख्य शर्यतीच्याही क्वालिफाइंगला शेवटचा. जपानपासून त्याच्या जागी युकी त्सुनोडा, त्याने रेड बुलमधून वर्षभरात ३० मिळवले. ४२१ आणि ३०! भावांच्या उताऱ्यात एवढी तफावत दिसली तर आपण म्हणू की एकाच्या रानाला पाणीच पोचलं नाही. लोक सरळ म्हणून मोकळे झाले की त्सुनोडा बेकार. मग २०१९ला याच जागेवरून पिएर गॅस्लीला अर्ध्या हंगामात उठवलं, २०२०नंतर ॲलेक्स आल्बनला, २०२४च्या शेवटी सर्जिओ पेरेझला. एवढे सगळे बेकार? गॅस्लीने रेड बुलमधून निघाल्यावर इटलीतली मोंझाची शर्यत जिंकली. २०२५ला अल्पीनच्या खात्यातले बावीसच्या बावीस गुण एकट्या गॅस्लीचे आहेत, तिथे त्याच्या शेजारी आधी जॅक डूहन आणि मग फ्रँको कोलापिंतो शून्यावर राहिले.

माझ्या मते कारण असं. व्हर्स्टापनला पुढून अतिशय तीक्ष्ण गाडी लागते. स्टिअरिंग जरा फिरवलं की तोंड वळलं पाहिजे. मागचा भाग सुटायला आला तरी त्याला चालतं, तो हाताने आवरतो. आल्बनने एकदा याची तुलना कॉम्प्युटरच्या माऊसशी केली होती, संवेदनशीलता शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला माऊस, जरा हात हलला की बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. संघाने वर्षानुवर्षं सर्वांत वेगवान माणसाचं ऐकून गाडी घडवली. त्यात चूक काय? काहीच नाही, चार अजिंक्यपदं आली. पण घडवता घडवता गाडी अशा कोपऱ्यात गेली की ती एकाच माणसाला चालवता येते. गावात एखादा मारका पण पटाला वाऱ्यासारखा पळणारा बैल असतो, तो एकाच धुरकऱ्याचं ऐकतो. त्या बैलावर दुसरा धुरकरी हरला म्हणून त्याला हाकता येत नाही असं कोणी म्हणत नाही.

म्हणून रेड बुलच्या बांधावरचा आकडा मी अर्धाच धरतो. व्हर्स्टापन मोठा आहे यात शंका नाही. ४२१ विरुद्ध ३० एवढा तो मोठा आहे, हे मात्र मी मानत नाही. इतर बांध तपासले की या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते कळतं.

मर्सिडीझमध्ये जॉर्ज रसेलचे ३१९ आणि किमी अँटोनेलीचे १५०, पण अँटोनेली अठराव्या वर्षी पहिलाच हंगाम खेळत होता; युरोपात भरकटला, ब्राझीलमध्ये दुसरा आला. फेरारीत शार्ल लक्लेर २४२, लुईस हॅमिल्टन १५६. सात वेळचा विजेता, चीनमधली स्प्रिंट जिंकला आणि त्यापुढे पूर्ण हंगामात मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तिघांत नाही. मला वाईट वाटलं, पण बांध बांध असतो. विल्यम्समध्ये आल्बन ७३, कार्लोस साइन्झ ६४, म्हणजे तोडीस तोड. साइन्झ बाकूत तिसरा आला. रेसिंग बुल्समध्ये इझाक हाजारने ऑस्ट्रेलियात वॉर्म-अपच्या फेरीतच गाडी आपटून रडून घेतलं आणि ऑगस्टमध्ये झांडवूर्टला तिसरा आला. हास आणि ॲस्टन मार्टिनवरून मी पटकन पुढे जातो. हासच्या ऑलिव्हर बेअरमनवर फक्त लक्ष ठेव, ४१ गुण, आणि शेजारी एस्तेबान ओकॉनसारखा मुरलेला माणूस असताना.

साउबरचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. निको हल्केनबर्ग, वय ३७, २३८ शर्यती खेळून एकदाही पहिल्या तिघांत नाही. २३९वी शर्यत सिल्व्हरस्टोनला, पाऊस, सुरुवात १९व्या जागेवरून आणि शेवट तिसऱ्यावर. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी, जी एरवी फेरारी-फेरारी करतात, टाळ्या वाजवल्या. पावसात रानाचा फरक कमी होतो आणि हाताचा वाढतो. ओल्या ट्रॅकवर कोणते टायर कधी चढवायचे हा सरळ वापशाचा प्रश्न आहे. जमीन ओली असताना तिफण घातली तर ढेकळं, उशीर केला तर ओल उडून जाते. टायरलाही तसाच वापसा असतो. गार पडला की काचेसारखा, जास्त तापला की लोण्यासारखा. हल्केनबर्गने आणि त्याच्या संघाने त्या दिवशी तिफण बरोबर वेळेला घातली.

आता तुझ्या मूळ भांडणाकडे येतो: नॉरिस का जिंकला? व्हर्स्टापन झांडवूर्टनंतर आघाडीपासून १०४ गुण मागे होता. तिथून त्याने अंतर कापत आणलं, अबू धाबीची शेवटची शर्यत जिंकली आणि २ गुणांनी हरला. विजय त्याचे ८, नॉरिसचे ७. मला विचारशील तर २०२५ला सर्वांत चांगली गाडी व्हर्स्टापनने चालवली. पण अजिंक्यपद नॉरिसचं आहे आणि ते कोणी दान दिलेलं नाही. या दोन वाक्यांत विरोध दिसत असेल तर वही-पेन घे, कारण तो विरोध बेरजेत सुटतो.

स्पेनमध्ये व्हर्स्टापन चिडला आणि रसेलच्या गाडीला भिडला. पाचवा आला होता, दहा सेकंदांचा दंड लागून दहावा झाला. पाचव्याला १० गुण, दहाव्याला १. रागाचे ९ गुण गेले, आणि वर्षाअखेरी कमी पडले २. यात गाडीचा काही संबंध नाही. हाताचाही नाही, डोक्याचा आहे.

मोंझाला मॅकलॅरेनने टायर बदलायला पियास्त्रीला आधी पिटमध्ये बोलावलं, नंतर नॉरिसला. नॉरिसच्या पुढच्या डाव्या चाकाला वेळ लागला आणि पियास्त्री पुढे गेला. संघाने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितली. त्याने कुरकुर केली, पण दिली. तेव्हा सगळे म्हणाले, हा काय पोरखेळ. नॉरिसला त्या अदलाबदलीने १५ऐवजी १८ गुण मिळाले. ते ३ काढ, ४२० राहतात. व्हर्स्टापनचे ४२१.

कतारचं गणित तर मला वर्गात शिकवावंसं वाटतं. तिथे टायरच्या सुरक्षेसाठी नियम होता: एका संचावर जास्तीत जास्त २५ फेऱ्या. शर्यत ५७ फेऱ्यांची. सातव्या फेरीला सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना तिच्यामागे हळू चालावं लागतं आणि तेव्हा टायर बदलले तर वेळ कमी जातो. ५७मधून ७ वजा केले की ५० उरतात, म्हणजे बरोबर २५ अधिक २५. देवाने ताटात वाढून ठेवलेली संधी. जवळजवळ सगळे पिटमध्ये गेले. मॅकलॅरेनने दोघांनाही बाहेर ठेवलं. पहिल्या जागेवरून सुटलेला पियास्त्री दुसरा आला, जिंकला व्हर्स्टापन. नॉरिस पाचवा येत होता, आणि शेवटाला अँटोनेली जरा बाहेर घसरला म्हणून चौथा झाला. पाचव्याला १०, चौथ्याला १२. हे २ गुण नसते तर दोघंही ४२१वर, आणि बरोबरी झाल्यावर जास्त विजय असलेला व्हर्स्टापन विजेता. अँटोनेलीला नंतर काही लोकांनी, नॉरिसला मुद्दाम पुढे सोडलं म्हणून, वाट्टेल ते बोलून घेतलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे टायर संपले होते, एवढंच.

यातला एखादाच धागा ओढून 'म्हणून जिंकला' किंवा 'म्हणून हरला' म्हणणं खरं तर बरोबर नाही. एक घटना बदलली तर पुढच्या सगळ्या बदलल्या असत्या. अबू धाबीला नॉरिस तिसरा येऊन थांबला कारण तिसरा पुरत होता. चौथा पुरला नसता. तरी बेरीज करून बघ, कारण ती केली की कळतं की 'गाडी' म्हणजे नुसतं लोखंड आणि कार्बन फायबर नाही. पिटच्या भिंतीवर बसलेला माणूस, चाकाची गन धरलेला माणूस, कारखान्यातले शेकडो लोक, सगळे तिच्यात बसलेले असतात. मॅकलॅरेनच्याच मंडळींनी २०२३ला कतारमध्ये चारही चाकं १.८० सेकंदांत बदलून विक्रम केला होता, आणि मोंझाला त्याच संघाचं एक चाक अडलं.

गाडी तपासणाऱ्या माणसाचं दुखणं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं व्हायचं नाही. लास वेगासला नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा आला आणि रात्रीतून दोघांचीही नावं निकालातून काढली गेली. कारण एक फळी. गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, नवी असताना १० मिलिमीटर जाड. शर्यतीनंतर ती ९ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. गाडी जितकी जमिनीला चिकटून चालेल तितकी खालून हवा वेगाने जाऊन तिला खाली खेचते आणि वळणात जास्त वेग मिळतो. म्हणून प्रत्येक संघाला फळी अगदी काठापर्यंत झिजवायची असते. वेगासला गाड्या अपेक्षेपेक्षा जास्त उसळल्या आणि घासल्या. तो काठ मॅकलॅरेनने ओलांडला. फरक मिलिमीटरच्या दशांशांचा, किंमत दोघांची मिळून ३० गुण. त्याआधी चीनमध्ये हॅमिल्टनची फळी झिजलेली निघाली आणि लक्लेरची गाडी ७९९ किलो भरली. किमान वजन ८००. एक किलो कमी म्हणून तोही बाद.

लोक म्हणतात एका किलोने काय होतं. मला विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतली एक रात्र आठवते. पोरांनी वर्षभर राबून गाडी आणलेली, ब्रेकच्या नळीची एक क्लिप सैल. दोन रुपयांची वस्तू. मी थांबवली. त्यांच्या शिक्षकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून दिसते. पण नियमाला काठ असतो म्हणूनच त्याच्या काठापर्यंत जाण्यात कौशल्य आहे. काठ ढिला केला तर जास्त पुढे जाणारा जिंकेल, जास्त बारीक मोजणारा नाही.

आता बांधाच्या पद्धतीचीच एक खोट सांगतो, नाहीतर तू उद्या होस्टेलवर माझ्या नावावर काहीही खपवशील. २०११च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा एक मित्र सचखंड एक्स्प्रेसने औरंगाबादहून दिल्लीला गेलो. तेव्हा गावाचं नाव तेच होतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वनची शर्यत होती. आम्ही बसलो तिसऱ्या वळणाच्या बाजूला, जिथून लांबलचक सरळ पट्टा सुरू होतो. रेड बुलच्या दोन निळ्या गाड्या, एकीत सेबास्टियन व्हेटेल आणि दुसरीत मार्क वेबर. व्हेटेल वळण संपायच्या आधीच गॅस द्यायचा, आवाजावरून कळायचं. तो पहिल्या जागेवरून सुटून पहिलाच आला, वेबर चौथा. त्या वर्षी व्हेटेलचे ११ विजय, वेबरचा १. गुण ३९२ आणि २५८. परतीच्या गाडीत मी मित्राला सांगितलं, हा माणूस दुसऱ्या मातीचा आहे.

तीन वर्षांनी नियम बदलले. २०१४ला त्याच संघात व्हेटेलशेजारी डॅनियल रिकार्डो आला. रिकार्डोने तीन शर्यती जिंकल्या, व्हेटेलने एकही नाही. गुण २३८ आणि १६७. व्हेटेल तोच, वय जेमतेम सत्तावीस. मग काय झालं? आधीच्या गाड्यांत एक्झॉस्टची हवा मागे खाली सोडून चिकटपणा वाढवता यायचा आणि व्हेटेलला तो विलक्षण वापरता यायचा. ती सोय गेली आणि गाडीचा स्वभाव बदलला. तो सचखंडमधला माझा निकाल घाईचा होता. हाताचा तो दीड क्विंटल म्हणजे त्या रानातला, त्या वर्षीचा हात. कापूस उत्तम पिकवणाऱ्याला ऊस तसाच जमेल असं नाही.

म्हणूनच २०२६बद्दल मी आत्ता छाती ठोकून काहीच सांगत नाही. गाड्या हलक्या होतायत, किमान वजन ८००वरून ७६८ किलो. ताकदीचा जवळजवळ निम्मा भाग विजेचा. मागचा पंख उघडून पुढच्याला ओलांडायची डीआरएसची पद्धत जातेय, त्याऐवजी पुढचे-मागचे पंख सरळ पट्ट्यावर आपला आकार बदलणार. म्हणजे बॅटरी कुठे भरायची आणि कुठे रिकामी करायची हा हिशेब ड्रायव्हरच्या डोक्यात सतत चालू. व्हर्स्टापन आणि ॲस्टन मार्टिनचा फर्नांडो अलोन्सो यांसारखी माणसं दोनशे ऐंशीच्या वेगातही शर्यतीचा हिशेब करतात, त्यांना हे मानवेल असं मला वाटतं. पण व्हेटेलबद्दलही मला असंच काहीतरी वाटत होतं.

संघ आता ११ आणि ड्रायव्हर २२. कॅडिलॅक नवा, फेरारीचं इंजिन घेऊन, आणि गाडीत पेरेझ आणि वाल्टेरी बोटास. दोघंही मुरलेले, पहिल्या वर्षी नव्या संघाला वेग कमी आणि नीट बोलणारे ड्रायव्हर जास्त लागतात, तो आमचा दुसरा रायडर आठव. रेड बुलमध्ये त्या मारक्या बैलावर आता हाजार बसतोय. ॲस्टन मार्टिनकडे होंडाचं इंजिन आणि डिझाइनला ॲड्रियन न्यूई. अल्पीनने स्वतःचं इंजिन सोडून मर्सिडीझचं घेतलं, म्हणजे मर्सिडीझ, मॅकलॅरेन, विल्यम्स आणि अल्पीन ही चारही रानं एकाच विहिरीवर. याचा तुला फायदा होईल. इंजिन तेच असताना कोणाचं रान जास्त पिकतं, ते थेट दिसेल.

आणि साउबरची झाली आउडी, हल्केनबर्ग आणि गाब्रिएल बोर्तोलेतोसह, स्वतःच्या इंजिनवर. शेंद्र्याच्या एमआयडीसीत आउडीच्या गाड्या जुळवल्या जातात. तुझ्या कॉलेजचे दहा-वीस जण तिथे कामाला असतील. शेंद्र्यातली गाडी आणि ट्रॅकवरची गाडी यांच्यात चार कड्यांच्या चिन्हापलीकडे फारसं काही सारखं नाही, हे मला माहीत आहे. तरी आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी संघ ठरवून टाकलाय. मी त्यांना अडवत नाही. गेल्या हंगामातल्या नवव्या संघाला वाऱ्याच्या बोगद्यात चाचणीसाठी अजिंक्य संघापेक्षा बराच जास्त वेळ मिळतो, हा नियम त्यांच्या बाजूने आहे. पहिल्याला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, मग खाली प्रत्येक पायरीला ५ टक्के जास्त.

होस्टेलवर करायचं ते असं. शंभरपानी वही घे, प्रत्येक संघाला एक पान आणि पानाच्या मधोमध उभी रेघ. शनिवारी क्वालिफाइंगमधला दोघांचा फरक लिहायचा, पण कोरड्या ट्रॅकवरचा आणि दोघंही एकाच टप्प्यात पोचले असतील तेव्हाचाच. रविवारी गुण लिहायचे आणि शेजारी कारण: गाडी बंद पडली, पिटमध्ये वेळ गेला, दंड लागला, दुसऱ्याने ठोकलं. नवीन भाग कोणाच्या गाडीला आधी लागला तेही. पहिल्या तीन शर्यतींवरून कोणाशी भांडायचं नाही, गाड्या तोवर रांगत असतील. सहा झाल्या की वही घेऊन ये. शनिवारी दुपारी मी वर्कशॉपवरच असतो, आणि तुझ्या त्या मैत्रिणींनाही आण, मला त्यांचं 'कोणीही' म्हणजे नेमकं कोण ते विचारायचंय.